दहा दाण्यांनंतरची मोकळी जागा

तायडे बाई दाणे मोजत असल्या की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून तुम्ही "बाई" म्हणालात, की मान वर न करता त्या डाव्या हाताचं एक बोट उभं करायच्या. उजव्या हातातला चिमटा चालूच असायचा. बोट खाली येईपर्यंत आपण गप्प उभं राहायचं. तालुक्याचे साहेब असोत की किटली घेऊन आलेला चहावाला, बोट सगळ्यांना सारखंच. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी त्या बोटासमोर सगळे मिळून दोन-तीन दिवस तरी उभा राहिलो असेन.

मालेगावात नोकरी करतो म्हटलं की बाहेरचे लोक मला यंत्रमागांबद्दल विचारतात. ते मालेगाव वेगळं. आमचं मालेगाव जहांगीर, वाशीम जिल्ह्यातलं. गावाबाहेर वाशीमच्या रस्त्याला शेतकऱ्यांच्या कंपनीचं बियाणं केंद्र आहे. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंतचे सभासद आपल्या वावरात खास बियाण्यासाठी सोयाबीन घेतात. आम्ही ते चाळतो, तपासतो, पोत्यात भरतो आणि पोत्याच्या तोंडाशी निळा टॅग शिवतो. त्या टॅगला फार अर्थ आहे. टॅग असला की ते बियाणं आणि नसला की तेच सोयाबीन तेलाच्या कारखान्यात.

मी तिथला संगणकवाला. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरचं काम करून परत आलो होतो, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती. ती खात्री अजूनही बऱ्यापैकी शाबूत आहे, फक्त तिच्यात तायडे बाईंनी एक भोक पाडून ठेवलेलं आहे.

सुमित्राबाई तायडे उगवण चाचणीचं काम बघायच्या. बारावीनंतर एका बियाणे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागल्या, आणि तेव्हापासून दाणे मोजत आल्या होत्या. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न. रिसोडहून सकाळच्या एसटीने यायच्या. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, अंगात खांद्यावर ठिगळ लावलेला पांढरा कोट. काम असं: प्रत्येक लॉटमधून चारशे दाणे घ्यायचे, ओल्या कागदावर शंभर-शंभराने मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची आणि आठ दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. एका लॉटच्या चार गुंडाळ्या. शंभरात सरासरी सत्तर तरी उगवले पाहिजेत, नाहीतर लॉट नापास.

दाणे मांडायची त्यांची स्वतःची रीत होती. दहा दाणे, मग दोन बोटांची मोकळी जागा, मग पुन्हा दहा. ही रीत हातातून निघून त्यांच्या सगळ्या अंगात भिनली होती. वहीत आकडे लिहिताना दहाव्यानंतर जागा सुटायची. डब्यातले शेंगदाणे खातानासुद्धा दहानंतर हात क्षणभर थांबायचा. केंद्राचा जिना चढताना दहाव्या पायरीवर त्या थबकायच्या. गुडघे दुखत असतील अशा समजुतीने मी एकदा त्यांना मलम आणून दिलं. बाईंनी ते घेतलं आणि म्हणाल्या, "गुडघे चांगले हायेत माहे. पन मलम ठेवते. तुमाले लागन."

चौदा एप्रिलला केंद्र बंद असायचं. तरी त्या दिवशी सकाळी सातला बाई पांढरी शुभ्र साडी नेसून हजर व्हायच्या, गुंडाळ्यांवर पाणी शिंपडायच्या, कपाटाचं तापमान वहीत टिपायच्या आणि मग मिरवणुकीला जायच्या. मी एकदा म्हणालो, "बाई, आजच्या दिवस मी पाणी मारतो ना, तुम्ही कशाला येता?" तर म्हणाल्या, "तुमी मारसान, माहीत हाय मले. पन किती मारसान ते माहीत नाई."

त्यांच्या सहीची कंपनीत दहशत होती. आमच्या अध्यक्षांना सगळे बापूसाहेब म्हणतात. मोठे शेतकरी आहेत, माणूस दिलदार, फक्त आपल्या घरचं सगळं उत्तमच असतं अशी त्यांची समजूत. एका वर्षी त्यांचाच लॉट चौसष्टवर आला. बापूसाहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. बोट उभं राहिलं. बापूसाहेबही उभे राहिले. बोट खाली आल्यावर ते खुर्ची ओढून बसले आणि गोडीत म्हणाले, "बाई, सहाच दान्यांचा तं सवाल हाय."

"हो," बाई म्हणाल्या. "अन ते सहा दाने ज्याच्या वावरात उगवनार नाईत, तो मानूस मले इचारीन. त्याले काय सांगू, तुमीच सांगा."

बापूसाहेबांनी पोती उचलून नेली. दोन दिवसांनी त्यांच्या घरून आंब्यांची पाटी आली. बाईंनी हमालांपासून चौकीदारापर्यंत सगळ्यांना आंबे वाटले, एक स्वतः खाल्ला आणि बापूसाहेबांना फोन लावून सांगितलं, "आंबे लय गोड निंघाले. लॉट चौसष्टच हाय." बापूसाहेब अजून हा किस्सा स्वतःच सांगतात आणि सांगताना स्वतःच हसतात.

हमालांवर मात्र त्यांचा आवाज चढायचा. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक असतं. पोतं उंचावरून आपटलं की दाणा बाहेरून धड दिसतो आणि आतून गेलेला असतो. पोतं आपटल्याचा आवाज आला की बाई चिमटा ठेवून तडक गोदामात. शिवी द्यायच्या नाहीत. ज्याने आपटलं त्याच्याकडे नुसतं बघायच्या. ते बघणं पुढे एकदा माझ्याही वाट्याला आलं, ते सांगतोच.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुना संगणक होता. बियाण्याच्या पोत्याचं कापड शिवून बाईंनी त्याला खोळ केली होती. मी आलो त्याच आठवड्यात तो भंगारात काढायला निघालो, तेव्हा त्या आडव्या आल्या. "चालते ना तो? मंग काहून फेकता?" त्याच्यावर त्या अहवाल टाईप करायच्या. आधी वहीत पेन्सिलने, मग पेनाने, मग संगणकात. एकदम टाईप करा म्हटलं तर म्हणाल्या, "यंत्रात आपली चूक पुसून जाते, भाऊ. वहीत खोडलेलं दिसते. मले पाहाले आवडते आपुन कुठी चुकलो ते."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्यासाठी शेवंताबाई राठोड यांची ओळख व्हायला हवी. बाईंचं माहेर मानोऱ्याकडचं, आणि गावाला लागूनच एक तांडा आहे. दसरा झाला की तो तांडा रिकामा होतो. ऊसतोडीच्या गाड्या येतात, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं सगळं चढतं, आणि चार-सहा महिने घरांना कुलपं. शेवंताबाई त्यातल्याच. दीड एकर वावर, एक विहीर, नवरा आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. विहिरीला पाणी चांगलं, पण ते बघायला हिवाळ्यात घरी कुणी नाही.

एका लग्नाला माहेरी गेलेल्या बाईंनी ती विहीर पाहिली आणि शेवंताबाईंना समोर बसवलं. या साली गाडीत चढू नको, उन्हाळी सोयाबीन घे, बियाण्यासाठी. जानेवारीत पेरायचं, एप्रिलअखेर काढायचं, पावसाळ्याआधी ताजं बियाणं तयार. शेवंताबाईंनी एकच प्रश्न विचारला: आणि नाही जमलं तर? बाई म्हणाल्या, "जमन. माह्या शब्दावर थांब."

हे मला बाईंनीच सांगितलं, फेब्रुवारीत कधीतरी, डबा खाताना. सांगून झाल्यावर बराच वेळ शेंगदाण्याला हात लावला नाही. मग म्हणाल्या, "मोजायच्या आधी सही केली मी, निलेशभाऊ. जिंदगीत पयल्यांदा."

पीक छान आलं. शेवंताबाईंनी लेकरासारखं जपलं, पोती हाताने उतरवून घेतली. उगवण आली अठ्ठ्याऐंशी. बाईंनी अहवालावर सही केली त्या दिवशी डब्यात शिरा होता. आता टॅग शिवला की झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

पण त्या वर्षीपासून टॅगचे नंबर एका नव्या ऑनलाइन सेवेकडून घ्यायचे होते. सेवा एका खासगी कंपनीने केलेली, तिचं नाव मी घेत नाही, घेतलं तर माझा रक्तदाब वाढतो. प्रत्येक लॉटची माहिती तिच्याकडे पाठवायची, ती नंबर देणार, नंबर आला की टॅग छापायचा. नोंदणीची खिडकी महिनाअखेरीला बंद. त्यानंतर आलेल्या लॉटचं त्या हंगामात काही होणार नाही.

माहिती कुलूपबंद करून पाठवायची अट होती. ती अट योग्यच. मजकूर कुलपात घालायच्या पद्धती साऱ्या जगाने ठरवून ठेवलेल्या आहेत. पद्धत उघड असते, गुपित असते ती फक्त चावी. कुठल्याही संगणकी भाषेत ही कुलपं तयार मिळतात, अर्ध्या दिवसाचं काम. मी बापूसाहेबांना तसंच सांगितलं, "अर्धा दिवस." हे वाक्य मला पुढे तीन आठवडे ऐकावं लागलं.

कारण या सेवेने कुलूप नेहमीचंच वापरलं होतं, पण बसवलं होतं आपल्या मनाने. माहितीपत्रक चार पानांचं, तेही तिरकं स्कॅन केलेलं. त्यात पद्धतीचं नाव जगमान्यच, चावी बत्तीस अक्षरांची, एक उदाहरण दिलेलं: हा मजकूर, हा त्याचा कुलूपबंद निकाल. मी तीच पद्धत, तीच चावी, तोच मजकूर वापरला, आणि निकाल भलताच. त्यांनी कुलूप लावणाऱ्या प्रोग्रॅमची एक तयार पेटी दिली होती, की तुम्ही काही करू नका, आमची पेटी वापरा. ती आमच्या सर्व्हरवर बसेना. तिला लागणारी आणखी एक फाईल त्यांच्याकडेच कुणाला सापडत नव्हती. आणि सेवेचं उत्तर नेहमी एकच: विनंती अवैध. चावी चुकली तरी अवैध, कुलूप चुकलं तरी अवैध, काहीच न पाठवता नुसतं दार वाजवलं तरी अवैध.

मदतकेंद्रावरचा माणूस अतिशय शांत होता. "सर, डॉक्युमेंट में सब दिया हुआ है." मी म्हणायचो, दिलेलं उदाहरणच जुळत नाही. तो म्हणायचा, "सर, बाकी सबका चल रहा है." बाकी सगळे त्यांची पेटी वापरत होते, हे मला नंतर कळलं. दोन आठवड्यांत माझ्या नाकी नऊ आले. मी रोज नवं काहीतरी बदलायचो. चावी उलटी केली, मजकूर उलटा केला, दोन्ही उलटे केले. जेवणाची चव गेली. घरी बायको म्हणाली, तुम्ही झोपेत "अवैध" म्हणता.

खिडकी बंद व्हायला नऊ दिवस राहिले तेव्हा शेवंताबाई आल्या. मानोऱ्याहून दोन एसटी बदलून, भर उन्हात, डोक्यावर पदर. प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. बाई मोजत होत्या, बोट उभं होतं, ते खाली येईपर्यंत शेवंताबाई थांबल्या. मी बाजूच्या खोलीत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"टॅग आला का बाई?"

"नाई आला."

"कधी येईन?"

तिथे दुसरं कुणी असतं तर येईल हो, काळजी नको, असं म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, "माहीत नाई, शेवंता. येईन का नाई, थेही माहीत नाई."

मग शेवंताबाई म्हणाल्या, "तुमी म्हनलं म्हनून थांबलो आमी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या पाणी प्यायल्या, गोदामात जाऊन त्यांनी आपल्या पोत्यांवर हात फिरवला आणि परतीची बस पकडली.

त्या गेल्यावर बाई माझ्या खोलीत आल्या. या खोलीत त्या क्वचितच यायच्या. "मले सांगा, हे काय हाय."

मी वैतागलेलो होतो, तरी सांगितलं. कुलूप, चावी, पत्रक, पेटी. त्यांनी विचारलं, "त्याइच्याकडचं चालतं कुलूप एखांदं हाय का आपल्यापाशी? ज्यात टाकलं का बरोबर निंघते असं?"

एक होतं. पत्रकासोबत एका सीडीवर नमुन्याचा छोटा प्रोग्रॅम आला होता. चावीचा एक चौकोन, मजकुराचा एक चौकोन, बटण दाबलं की निकाल. पण त्यात बत्तीसच अक्षरं मावायची, आमच्या लॉटची माहिती त्याच्या कितीतरी पट. शिवाय तो आताच्या कुठल्याही संगणकावर चालत नव्हता, म्हणून मी तो बाजूला टाकला होता.

"माह्या डब्यावर चालन का?" बाई म्हणाल्या.

चालला. पोत्याच्या कापडाची खोळ काढली, सीडी घातली, आणि पहिल्या फटक्यात चालला. तो भंगारात काढायला निघालेला मी, खोळेची घडी घालत राहिलो.

"आतापर्यंत काय काय करून पाह्यलं?" बाईंनी एक नवी वही उघडून विचारलं.

मी सांगू लागलो आणि माझ्याच लक्षात आलं की मला सांगता येत नाही. चावी बदलली तेव्हा मजकूर कुठला होता? मजकूर उलटा केला तेव्हा चावी सुलटी होती की उलटी?

"एका टायमाले किती गोष्टी बदलता तुमी?"

"लागतील तेवढ्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पोतं आपटणाऱ्याकडे त्या कशा बघायच्या ते मघाशी सांगितलं, तसं पाहिलं. मग वहीच्या कोऱ्या पानावर पट्टीने रेघा मारल्या.

आम्ही सुरुवात एका अक्षरापासून केली. बाई टाईप करणार, निकाल मोठ्याने वाचणार, वहीत लिहिणार. इंग्रजी ए, एकदा. निकाल आला. मी म्हटलं, पुढे चला. बाईंनी पुन्हा तेच टाईप केलं. एकूण चार वेळा. चारही निकाल सारखे आले. "एकदा पाहिलं ना बाई, चारदा कशाला?" म्हणालो, तर म्हणाल्या, "एका गुंडाळीवर मी सही करत नसते." मग दोन ए, चार वेळा. तीन ए, चार वेळा. मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, मध्येच वीज गेली, तासाभराने आली. मला वाटत होतं की या बाई पेरणी उलटून जाईपर्यंत ए मोजत बसणार.

दहा ए आले. बाई टाईप करताना तोंडाने मोजायच्या. "आठ, नऊ, दहा," आणि त्यांचा अंगठा आपसूक खालच्या लांब बटणावर पडला. मोकळी जागा. दोनदा झालं ते. दुसऱ्या वेळी माझ्या ध्यानात आलं.

"बाई, तुम्ही दहानंतर जागा सोडताय."

बाईंनी अंगठ्याकडे पाहिलं. "हो ना बाप्पा. हात गेला." त्या चक्क लाजल्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्या दोन वेळा त्यांनी अंगठा मुठीत धरून टाईप केलं.

"आधीच्या दोन ओळी खोडा," मी म्हणालो. "त्या चुकीच्या आहेत."

बाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. एकेका निकालावरून बोट फिरवलं. "खोडू काहून? चारीचा निकाल एकच हाय."

"कसा असेल एकच? दोनमध्ये एक अक्षर जास्त आहे."

"तुमीच पाहा."

मी पाहिलं. एकच होता. अक्षर न् अक्षर सारखं. मी खुर्चीवरून उठलो, खोलीत एक फेरी मारली, पुन्हा येऊन पाहिलं.

सांगतो काय झालं होतं ते. हे कुलूप सोळा-सोळा अक्षरांच्या कप्प्यांचं असतं. मजकूर कप्प्यापेक्षा कमी पडला तर उरलेली जागा कशाने तरी भरावी लागते. ती कशाने भरायची याचाही जगाचा एक ठरलेला नियम आहे, आणि मी तो पाळत होतो. या सेवेने तो नियम सोडून उरलेल्या कप्प्यात नुसत्या मोकळ्या जागा भरल्या होत्या. म्हणून बाईंनी स्वतःहून एक मोकळी जागा टाकली काय आणि न टाकली काय, कुलपाला दोन्ही सारखंच. चार पानांच्या पत्रकात याचा उल्लेख नव्हता. आणि मजकुराच्या शेवटी मोकळी जागा टाकून पाहावी, असं माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात दोन आठवड्यांत एकदाही आलं नव्हतं.

मी बाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीत त्या दोन ओळींसमोर लिहिलं: हात गेला. निकाल तोच.

नवा नियम घालून पाहिला, तरी उदाहरण जुळेना. मी पुन्हा तापलो. बाई म्हणाल्या, "आता मजकूर तसाच ठेवा. चावी घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी चावीची बत्तीस अक्षरं वहीत मांडली, दहा, जागा, दहा, जागा, दहा, जागा, दोन. शेवटून एकेक अक्षर बदलायला सुरुवात केली. शेवटचं बदललं, निकाल तोच. त्याच्या आधीचं, निकाल तोच. बाई प्रत्येकासमोर फुली मारत होत्या, न उगवलेल्या दाण्यासमोर मारायच्या तशी. सोळा फुल्या झाल्या. सतरावं अक्षर बदललं आणि निकाल एकदम पालटला.

"शेवटचे सोळा मेलेले हायेत," बाई म्हणाल्या. "नुसते जागा धरून हायेत."

बत्तीस अक्षरांची म्हणून मिरवणारी ती चावी प्रत्यक्षात पहिल्या सोळांचीच होती. मी तेवढीच घेतली, कप्पे मोकळ्या जागांनी भरले आणि पत्रकातलं उदाहरण चालवलं. जुळलं. मला ओरडावंसं वाटलं, पण बाई म्हणाल्या, "आनखी तीनदा." तीनदा जुळलं.

मी म्हणालो, पहिला लॉट शेवंताबाईंचा पाठवू. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. बाईंनी मान हलवली. "नंबरानं पाठवा." शेवंताबाईंचा लॉट बराच खाली होता. "बाई, आता काय भरवसा, मध्येच सेवा बंद पडली तर?" "मंग ज्याचा राहीन त्याचा राहीन. नंबरानं पाठवा." असं म्हणून त्या आपल्या टेबलावर गेल्या आणि चिमटा हातात घेतला. त्यांना काय वाटत असेल हे मला कळत होतं आणि मला त्यांचा खरोखर राग आला होता. त्या रागातच मी एकेक लॉट पाठवत गेलो. अवैध हा शब्द पुन्हा दिसला नाही.

शेवंताबाईंच्या लॉटचा नंबर आला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मी धावत प्रयोगशाळेत गेलो. बोट उभं राहिलं.

मी उभा राहिलो. तोंडात बातमी घेऊन उभा राहिलो. चिमटा चालला होता, दहा दाणे, जागा, दहा दाणे, जागा. नेहमीपेक्षा हळू चालला होता, का मलाच तसं वाटलं, कोण जाणे. शंभर झाले. बोट खाली आलं.

"आला," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "बरं झालं," म्हणाल्या. "मले वाटलं होतं, माही सही खोटी पडते." डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. मग म्हणाल्या, "शेवंताले फोन लावा. नाई, थांबा. मीच लावते."

पुढे मी त्या सेवेला सविस्तर पत्र लिहिलं. तुमची निम्मी चावी निकामी आहे, आणि तोच मजकूर दरवेळी तसाच बाहेर पडतो, हे कुलूप म्हणून फार कच्चं आहे, दुरुस्त करा. उत्तर आलं, आपका सुझाव नोट कर लिया गया है. बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "नोट केलं म्हनतात ना? वही पाहाले मांगा."

त्याच वर्षी सप्टेंबरात बाई निवृत्त झाल्या. बापूसाहेबांनी शाल दिली, भाषण केलं, चौसष्टचा किस्सा सांगितला. बाईंनी मला ती वही दिली. पहिल्या पानावर पट्टीने रेघा मारलेल्या, आणि दहा ए च्या चार ओळी, त्यांपैकी एकही न खोडलेली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवी कुठलीही सेवा जोडायची वेळ आली की मी आधी तिच्यात रेघा मारतो. दरवेळी माझा एकाच वेळी तीन गोष्टी बदलायला हात जातो, आणि दरवेळी मला ते बघणं आठवतं.

दसऱ्यानंतर मी मानोऱ्याकडे गेलो होतो, येत्या उन्हाळी बियाण्याच्या प्लॉटची नोंद करायला. रस्त्याने ऊसतोडीच्या दोन गाड्या गेल्या, वर माणसं, हंडे, गाठोडी. तांड्यात बरीच घरं बंद दिसली. शेवंताबाईंचं दार उघडं होतं. धाकटी मुलगी आत गृहपाठ करत होती. ओट्यावर गोणपाटाच्या ओल्या गुंडाळ्या होत्या, एक उलगडलेली, आणि तिच्याजवळ तायडे बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगात पांढरा कोट नव्हता, त्यामुळे क्षणभर ओळखू आल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर, चिमटा कुठेच नाही.

"बाई," मी हाक मारली.

बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. बोट उभं राहिलं ते शेवंताबाईंचं. त्या गोणपाटावर वाकल्या होत्या, मान वर केली नाही, डाव्या हाताचं एक बोट वर आणि उजव्या हाताने मोड आलेले दाणे बाजूला काढत होत्या. दहा काढले की थोडं थांबत होत्या. बाईंनी सरकून मला ओट्यावर जागा करून दिली. मी बसलो. आम्ही दोघं बघत राहिलो.

बोट खाली आलं. "ब्यान्नव," शेवंताबाई म्हणाल्या आणि आमच्याकडे बघून हसल्या.

बाईंनी बाकीच्या गुंडाळ्यांकडे मान केली. "आनखी तीन हायेत," त्या म्हणाल्या.